अनुदान तारेला की बिलाला?

घोडपदेव हा मुंबईच्या गिरणगावाचा पूर्वेकडील शेजार. तेथून रे रोडच्या दिशेने थोडे अंतर चालून गेले की बंदराचा भाग सुरू होतो, आणि त्याच बंदराच्या पाण्यात पलीकडे घारापुरीचे बेट आहे. सह्याद्रीच्या पाण्यावर खोपोलीला तयार होणारी वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घारापुरीच्या शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांना कायमस्वरूपी वीज मिळाली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. ज्या बेटावरील लेण्यांचा समावेश १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत झाला, जेथे रोज देशोदेशींचे प्रवासी उतरतात, त्या बेटावरील रहिवाशांचा संसार तोवर संध्याकाळी काही तास चालणाऱ्या डिझेलच्या जनित्रावर अवलंबून होता. एका बंदराच्या दोन काठांमध्ये एकशे तीन वर्षांचे अंतर पडले.

हे अंतर कापण्यासाठी समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकावी लागली. प्रत्येक वस्तीत रोहित्र बसवावे लागले. या साऱ्यावर सरकारी निधीतून सुमारे २५ कोटी रुपये खर्च झाले, आणि आरंभी मिळालेल्या घरगुती जोडण्या होत्या दोनशेच्या घरात. म्हणजे घरटी साडेबारा लाख रुपये. या रकमेवर आठ टक्क्यांनी व्याज धरले तरी एका घरामागे वर्षाला एक लाख रुपये होतात. बेटावरील कोणत्याही कुटुंबाचे वीजबिल या व्याजाच्या आसपासही जाणार नाही, मग मुद्दल फिटण्याची गोष्ट दूरच. काटेकोर हिशेब ठेवणारा कोणीही विचारील की, मूठभर माणसांसाठी एवढा पैसा समुद्रात घालणे शहाणपणाचे आहे काय?

हा प्रश्न घारापुरीपुरता नाही. सातपुड्यातील पाडे, मेळघाटातील गावे, कोकणातील डोंगरउतारावरच्या वाड्या, गडचिरोलीच्या जंगलातील वस्त्या, या सर्वांच्या बाबतीत तो उभा राहतो. वस्ती विरळ, वाट अवघड आणि वापर थोडा अशी जेथे स्थिती असते तेथे विजेचा दर युनिटमागचा खर्च प्रचंड वाढतो. नफ्यासाठी चालणारी कोणतीही कंपनी आपणहून तेथे जाणार नाही, आणि नफ्यासाठी न चालणारे मंडळही कर्ज काढून जाऊ लागले तर बुडेल. तेव्हा तेथे वीज न्यायची तर अनुदानावाचून मार्ग नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वादाचा मुद्दा अनुदान द्यावे की नाही हा नाहीच. ते कशासाठी द्यावे आणि कोणत्या मापाने द्यावे, हा खरा वाद आहे.

अंधाराची किंमत

हिशेबाच्या वहीत तारेचा खर्च दिसतो. अंधाराचा दिसत नाही. वस्तुतः वीज नसलेल्या घराला ऊर्जा फुकट मिळत नसते. एक लिटर डिझेल जाळून लहान जनित्रातून ढोबळ मानाने तीन युनिटे वीज मिळते. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तर नुसत्या इंधनापोटी युनिटला तीस रुपये पडतात. यंत्राची झीज आणि दुरुस्ती वेगळीच. रॉकेलच्या चिमणीची गोष्ट याहून वाईट. तिच्या ज्योतीतून मिळणारा उजेड इतका अल्प असतो की उजेडाच्या मापाने हिशेब केला तर चिमणीखाली अभ्यास करणारे मूल शहरातील मुलापेक्षा कितीतरी महाग प्रकाश वापरत असते. दळणासाठी, मोबाइल चार्ज करण्यासाठी, लस थंड ठेवण्यासाठी करावी लागणारी पायपीट तर कोणत्याच बिलात येत नाही. गरिबाला स्वस्त वस्तू मिळते हा समज ऊर्जेच्या बाबतीत पूर्णपणे खोटा आहे. तो थोडी ऊर्जा वापरतो, पण त्या थोडीचा दर सर्वांत जास्त भरतो.

घोडपदेवसारख्या वस्त्यांना हे समजावून सांगण्याची गरज एके काळी नव्हती. येथील चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार दाटीवाटीने राहत. त्यांच्या खोलीत एकच दिवा असे, पण तो विजेचा असे. गावाकडे जाणाऱ्या मनीऑर्डरीतून मात्र रॉकेल विकत घेतले जाई. एकाच कुटुंबाचा एक भाग स्वस्त वीज वापरी आणि दुसरा महाग अंधार सोशी. १९८२ च्या संपानंतर हे चित्र विस्कटले. गिरण्या बंद पडल्या, न्यू हिंद मिलच्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरे उभी राहिली, आणि मनीऑर्डरीचा काळही संपला. शहर व खेडे यांच्यातील विजेचा हिशेब मात्र अजून पुरा झालेला नाही.

जुने देणे

या हिशेबाची सुरुवात सह्याद्रीत होते. खोपोलीपाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरीचे आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. भिऱ्यासाठी मुळशी येथे धरण बांधण्यात आले आणि मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांवर विस्थापनाचे संकट आले. १९२१ मध्ये तेथील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो तीन वर्षे चालला, आणि अखेर फसला. भातखाचरे पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने मुंबईतील गिरण्यांचे माग आणि मुंबईकरांचे दिवे चालू लागले. पुढे साठच्या दशकात कोयनेच्या बाबतीत हीच कहाणी अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. ज्यांची जमीन गेली त्यांना वीज अगोदर मिळावी, असा साधा न्यायही त्या काळात कोणाला सुचला नाही.

पुढच्या काळातही शहराला झुकते माप मिळत राहिले. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात विजेचा तीव्र तुटवडा होता. ग्रामीण भागात दहा-बारा तासांचे भारनियमन ही नित्याची बाब झाली होती. मुंबई त्यातून मुक्त होती. दहावीच्या परीक्षेला बसलेला खेड्यातील विद्यार्थी आणि मुंबईतील विद्यार्थी यांची प्रश्नपत्रिका एक होती, पण अभ्यासाचे तास समान नव्हते. दुर्गम भागातील वीज सुधारणेसाठी दिलेल्या अनुदानाकडे शहराने केलेला दानधर्म म्हणून पाहणे म्हणूनच चुकीचे ठरते. त्यात परतफेडीचा अंश मोठा आहे.

मोजमाप चुकले

स्वतंत्र भारतात ग्रामीण विद्युतीकरणासाठी पैसा दिला गेला नाही असे मुळीच नाही. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. अमेरिकेकडून पी. एल. ४८० खाली आलेल्या धान्याच्या विक्रीतून जमलेले रुपये त्याच्या आरंभीच्या भांडवलासाठी उपयोगी पडले. त्याच सुमारास सहकारी तत्त्वावर वीजवाटप करण्याचा प्रयोग देशात पाच ठिकाणी सुरू झाला. त्यांपैकी एक होती नगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था. ती चाळीस वर्षे चालली आणि २०११ मध्ये तिचे वितरण क्षेत्र महावितरणकडे गेले.

दोष होता तो मोजमापात. फार वर्षे 'विद्युतीकरण झालेले गाव' याची व्याख्या अशी होती की, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली म्हणजे पुरे. शिवारातील एका विहिरीवर पंप बसला की सारे गाव उजळले, असे कागदोपत्री ठरे. १९९७ मध्ये वीज वस्तीच्या भागात पोहोचली पाहिजे अशी अट आली, आणि २००४ मध्ये निदान दहा टक्के घरांना व शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागांना जोडणी हवी असे ठरले. म्हणजे शंभरांपैकी नव्वद घरे अंधारात राहिली तरी गाव प्रकाशात! याचा परिणाम जनगणनेत स्पष्ट दिसतो. महाराष्ट्रात गावोगाव खांब पोहोचल्याचे बरीच वर्षे अभिमानाने सांगितले जात होते. तरीही २००१ साली ग्रामीण महाराष्ट्रातील केवळ ६५ टक्के घरांत वीज होती. २०११ मध्येही हे प्रमाण ७४ टक्क्यांच्या पुढे गेले नव्हते.

२००५ च्या राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेने भांडवली खर्चाच्या ९० टक्के अनुदान दिले आणि दारिद्र्यरेषेखालील घरांना मोफत जोडणी दिली. २०१४ च्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी अनुदानाचा मूळ हिस्सा ६० टक्के होता. २०१७ च्या सौभाग्य योजनेने गाव सोडून घर हे मोजमापाचे एकक मानले, ही निश्चितच प्रगती होती. परंतु तेथेही मोजणी जोडणीपाशी थांबली. दिवा लागला का, हे विचारले गेले. तो किती तास लागतो, रोहित्र जळाले तर किती दिवसांत बदलले जाते, आणि त्या घराचा ऊर्जेवरचा एकूण खर्च खरोखर कमी झाला का, हे विचारले गेले नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीवरील खांब आडवे केले, तेव्हा कित्येक गावे पुष्कळ दिवस अंधारात राहिली. जोडण्यांच्या आकड्यात मात्र त्या दिवसांतही ती घरे 'वीज असलेली'च होती.

अमेरिकेचे माप

या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १९३६ च्या कायद्याने तेथे ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वस्त कर्जे देण्यास आरंभ झाला आणि शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी तारा ओढल्या. एवढे होऊनही अलास्कासारख्या भागातील दूरच्या वस्त्या डिझेलवरच राहिल्या. तेव्हा २००० साली त्या कायद्यात नवी तरतूद करण्यात आली. ज्या वस्तीतील कुटुंबांचा घरगुती ऊर्जेवरील सरासरी खर्च राष्ट्रीय सरासरीच्या २७५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तिला वीजनिर्मिती, वहन आणि वितरण यांच्या सुधारणेसाठी अनुदान मिळू शकते. गावात खांब आहे की नाही हा तेथे प्रश्नच नाही; कुटुंबावर भार किती, हा आहे. शिवाय हे अनुदान बिल भरण्यासाठी नसून, ज्यामुळे बिल कायमचे कमी होईल अशा कामासाठी आहे.

अर्थात हे माप जसेच्या तसे उचलून चालणार नाही. अमेरिकेतील कुटुंब महाग ऊर्जा नाइलाजाने विकत घेते. कडाक्याच्या थंडीत त्याला दुसरा पर्याय नसतो. आपल्याकडचे गरीब कुटुंब महाग वस्तू घेण्याचे टाळते आणि अंधारात बसते. त्याचा खर्च कमी दिसतो तो सुबत्तेमुळे नव्हे, तर उपासामुळे. केवळ खर्च मोजला तर धडगावच्या पाड्यावरील घर मुंबईतील घरापेक्षा सुखी ठरेल! म्हणून येथे वेगळा प्रश्न विचारावा लागेल. दोन-तीन दिवे, एक पंखा, मोबाइल आणि गावची पिठाची गिरणी एवढी किमान गरज भागवायला त्या वस्तीत आज काय पडते, आणि ते कुटुंबाच्या उत्पन्नाच्या किती टक्के होते? हे प्रमाण जेथे सर्वांत जास्त, तेथे अनुदानाचा पहिला हक्क.

बिलाचे राजकारण

या कसोटीवर महाराष्ट्रातील प्रचलित धोरण उतरत नाही. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना पाच वर्षे मोफत वीज देण्याची योजना राज्य सरकारने सुरू केली. लाभार्थी सुमारे ४४ लाख, आणि सरकारवरील भार वर्षाला सुमारे १४,७०० कोटी रुपये. घारापुरीच्या केबलला २५ कोटी लागले, हे येथे आठवावे. एका वर्षाच्या मोफत विजेच्या पैशात तशी पाचशे ऐंशीहून अधिक कामे झाली असती. फरक असा की, केबल टाकली की तिचा उपयोग वर्षानुवर्षे होत राहतो. माफ केलेले बिल महिनाअखेर संपते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा उभे राहते.

शेतकऱ्याच्या बाजूचा युक्तिवाद येथे ऐकून घेतला पाहिजे. पिकाला भाव नाही, पाऊस बेभरवशाचा आहे, आणि मिळणारी वीजही रात्री-बेरात्री, कमी दाबाने. साप-विंचवाच्या भीतीत मध्यरात्री पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाने अशा विजेचे पैसे का भरावेत? हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वाईट वीज फुकट देणे हे नसून चांगली वीज परवडेल अशा दरात देणे हे आहे. शिवाय ज्याच्याकडे पंप आहे त्यालाच ही सवलत मिळते. भूमिहीन मजूर, कोरडवाहू शेतकरी, कोकणातील वरकस जमिनीचा मालक यांच्या वाट्याला त्यातले काही येत नाही. ज्या पंपांना मीटर नाहीत त्यांचा वापर अंदाजाने ठरतो, आणि गळती व चोरी त्या अंदाजाच्या पदराखाली लपवणे सोपे जाते.

त्या मानाने सौर कृषिवाहिनीची योजना योग्य दिशेने जाणारी आहे. २०१७ मध्ये राळेगण सिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून तिचा आरंभ झाला आणि पुढे तिचे उद्दिष्ट १६,००० मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज पुरवावी, प्रकल्पाच्या भांडवलाला केंद्राच्या कुसुम योजनेतून अनुदान मिळावे आणि त्यामुळे विजेचा खर्चच उतरावा, अशी ही कल्पना आहे. येथे अनुदान तारेला आणि यंत्राला आहे, बिलाला नाही. ही योजना मनापासून राबवली तर मोफत विजेची गरज आपोआप ओसरेल. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवल्या तर मात्र पहिलीचा लाभ दुसरी खाऊन टाकील.

देखभालीवाचून दान व्यर्थ

भांडवली अनुदान देऊन सरकारची जबाबदारी संपते, हा समजही सोडला पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात बिलगाव येथे आदिवासींनी श्रमदान करून आणि केरळातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने २००३ मध्ये ओढ्याच्या पाण्यावर १५ किलोवॉटचे वीजकेंद्र उभे केले. गावाला वीज मिळाली, आणि ती गावाच्या मालकीची होती. २००६ च्या पुरात ते केंद्र पाण्याखाली जाऊन निकामी झाले. नर्मदेच्या खोऱ्यातील या लहानशा प्रकल्पाला ना विमा होता, ना दुरुस्तीचा निधी. डोंगराळ भागात बसवलेल्या सौर दिव्यांचीही अशीच गत होते. बॅटरी संपली की यंत्र छपरावर शोभेपुरते उरते, कारण ती बदलण्याचा खर्च कोणत्याच शीर्षाखाली मंजूर नसतो.

तेव्हा दुर्गम वस्त्यांच्या वीज सुधारणेसाठी एक स्वतंत्र, कायमचा निधी असावा, आणि त्याला तीन अटी असाव्यात. पहिली, निवड ऊर्जेच्या भाराच्या मापाने व्हावी; आमदाराच्या शिफारशीने नव्हे. दुसरी, प्रत्येक मंजूर रकमेतील ठरावीक हिस्सा दहा वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावा. तिसरी, काम पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदाराच्या किंवा अभियंत्याच्या सहीने न देता, वर्षभर पुरवठ्याचे तास नोंदवून ग्रामसभेने द्यावा. २००३ च्या वीज कायद्याच्या ६५ व्या कलमाने, सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम आगाऊ भरली पाहिजे, असे बंधन घातलेले आहेच. तीच शिस्त या निधीलाही लागू करावी.

पैसा कोठून आणायचा? येथे प्रश्न पुन्हा मुंबईकडे येतो. महावितरणचा उद्योगधंद्यांना लावलेला चढा दर शेतीच्या सवलतीचा काही भार उचलतो. पण शहर विभागातील ग्राहक बेस्टचा असल्याने त्याचा या व्यवहाराशी बिलातून संबंध येत नाही. महिन्याला शंभर युनिटांपर्यंतचा वापर पूर्णपणे वगळून त्यापुढील युनिटांवर दहा पैसे अधिभार लावला, तर दोनशे युनिटे वापरणाऱ्या घोडपदेवच्या कारकुनाला महिन्याला दहा रुपये पडतील. गिरण्यांच्या जमिनींवर उभे राहिलेले मनोरे आणि मॉल यांना अर्थातच पुष्कळ अधिक. अशा दर शंभर कोटी युनिटांमागे दहा कोटी रुपये जमतील. मोफत विजेच्या रकमेपुढे हा आकडा अगदी लहान आहे. पण तो तारेसाठी राखून ठेवला तर वर्षाला काही दुर्गम वस्त्यांचा प्रश्न कायमचा सुटू शकतो.

या सूचनेला विरोध होईल आणि त्यात तथ्यही असेल. मुंबईचा नोकरदार आधीच करांनी व महागाईने वाकलेला आहे, आणि अशा निधीचा पैसा भलतीकडे वळविण्याची सरकारी सवय त्याला चांगली ठाऊक आहे. म्हणूनच वर सांगितलेल्या अटी अगोदर, अधिभार नंतर, असा क्रम असला पाहिजे. वीज नियामक आयोगाने दरवर्षी या निधीचा जमाखर्च वस्तीच्या नावानिशी प्रसिद्ध करावा. आपल्या दहा रुपयांतून कोणत्या पाड्यावर किती तास दिवा लागला, हे घोडपदेवच्या ग्राहकाला वाचता आले पाहिजे. ते वाचता येणार नसेल, तर त्याने पैसे देण्यास नकार दिला तरी त्याला दोष देता येणार नाही.